घरी बनवलेल्या इन्व्हर्टरचे मॉसफेट पुन्हा पुन्हा उडतात तेव्हा: कुठं बघायचं, काय मोजायचं

लाईट गेली, इन्व्हर्टर चालू केला, दोन बल्ब लागले, पंखा लावला आणि फट्‌ आवाज येऊन सगळं बंद. उघडून बघावं तर एका बाजूचा मॉसफेट (बॅटरीचा करंट झटपट चालू-बंद करणारा स्विचसारखा ट्रान्झिस्टर), आयआरएफझेड ४४ एन, फुटलेला. नवा आणून डाग दिला, बॅटरी जोडली, पुन्हा तेच. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात फांद्या तारांवर पडून लाईट जाते. निपाणी-चिकोडी भागात शेतातल्या वस्तीवर सिंगल फेज नसताना दिवा हवा असतो. अशा ठिकाणी घरी जोडलेला इन्व्हर्टर खरंच उपयोगाचा आहे, पण त्याची ही एकच तक्रार वारंवार येते.

मॉसफेट बदलून हा दोष जात नाही, कारण दोष मॉसफेटचा नसतो. तो दुसरीकडं असतो आणि मार शेवटी मॉसफेटवर बसतो. त्यामुळं पहिला प्रश्न ‘कोणता मॉसफेट घालू’ हा नाही. तो नेमका केव्हा उडाला हे आधी बघा: बॅटरी जोडताच, रिकामा चालताना, पंखा लावताच, अर्ध्या तासानं, की लाईट परत आल्यावर? या पाच वेळांची पाच वेगळी कारणं आहेत.

इथं धरलेला इन्व्हर्टर असा: १२ व्होल्टची बॅटरी, दोन बाजू आळीपाळीनं चालू-बंद करणारी सीडी ४०४७ किंवा एसजी ३५२५ आयसी, दोन्ही बाजूंना एक ते चार मॉसफेट, मधून टॅप (सेंटर टॅप) काढलेला लोखंडी पत्र्यांचा ट्रान्सफॉर्मर, आणि २०० ते ३०० वॅटचं काम.

हात घालण्याआधी दोन गोष्टी. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी पलीकडच्या गुंडाळीवर खरे २३० व्होल्ट असतात आणि ते मेन लाईनइतकेच जीवघेणे असतात. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. अंगठी, घड्याळ काढा. बॅटरीच्या टोकापासून अर्ध्या फुटाच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज घाला. हा फ्यूज मॉसफेट वाचवत नाही, मॉसफेट त्याच्याआधीच जातो. फ्यूज घर वाचवतो.

नवा मॉसफेट लावायच्या आधी

वारंवार उडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण इथंच आहे. मॉसफेट फुटतो तेव्हा त्याचा गेट (चालू-बंद करणारा पाय) आतून ड्रेनला (गुंडाळीकडून करंट येतो त्या पायाला) चिकटतो आणि ड्रेनवरचे व्होल्ट, क्षणिक उसळ्यांच्या टोकांसकट, उलटे आयसीत शिरतात. आयसीचं ते आउटपुट मरतं, पण बाहेरून काही दिसत नाही. अशा बोर्डावर नवा मॉसफेट घातला की त्याचा गेट कायम वर राहतो, तो सतत चालू राहतो, गुंडाळी म्हणजे नुसता तांब्याचा तुकडा होऊन बसते आणि बॅटरीचा सगळा करंट एकाच मॉसफेटमधून जातो. एका सेकंदाचं काम.

म्हणून सगळे मॉसफेट काढा, शाबूत दिसतात ते सुद्धा. फक्त आयसीला १२ व्होल्ट द्या. मल्टीमीटर डीसीवर ठेवून काळी पिन निगेटिव्हला, लाल पिन पहिल्या गेटच्या जागी लावा. ४०४७ असेल तर सप्लायच्या निम्मे, म्हणजे ६ व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत. दुसऱ्या गेटवरही तेवढेच. ३५२५ मध्ये दोन्ही कमी दिसतील, पण एकसारखे. एका गेटवर १२ आणि दुसऱ्यावर शून्य असेल तर आयसी मेलेली आहे किंवा दोलन सुरूच झालेलं नाही. तोवर नवा मॉसफेट खिशातच ठेवा.

आता काळी पिन एका गेटवर आणि लाल दुसऱ्यावर. डीसीवर जवळजवळ शून्य यायला हवं. इथं ०.१ व्होल्ट दिसले तर ‘एवढंसंच आहे’ म्हणून सोडू नका. त्याचा अर्थ एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वेळ चालते आणि तेवढा डीसी ट्रान्सफॉर्मरवर बसतो. गुंडाळी आणि मॉसफेट मिळून रोध ३० मिलीओहम धरला तर ०.१ व्होल्टमुळं ३ अँपिअरहून जास्त एकतर्फी करंट वाहतो आणि कोअर (पत्र्यांचा गाभा) एका बाजूला भरत जातो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही. ५५५ आयसी आणि तिचं आउटपुट उलटं करून दुसऱ्या बाजूला देणारा एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, अशा सर्किटांचा हाच रोग आहे, दोन भाग कधीच सारखे येत नाहीत. ४०४७ मध्ये आत फ्लिपफ्लॉप असल्यानं दोन भाग आपोआप सारखे येतात. ५५५ वाला बोर्ड दुरुस्त करत बसण्यापेक्षा बदललेला बरा.

फ्रिक्वेन्सीही आत्ताच बघा. ४०४७ चं गणित सोपं आहे: पिन १० आणि ११ वर एका आवर्तनाला ४.४ गुणिले आर गुणिले सी इतका वेळ लागतो. पिन १ आणि ३ मध्ये ०.१ मायक्रोफॅरड असेल तर ५० हर्ट्‌झसाठी पिन २ आणि ३ मध्ये सुमारे ४५.५ किलोओहम लागतात, म्हणजे ३९ किलोओहम आणि त्याला जोडून १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोध). कपॅसिटर पॉलिस्टरचाच घ्या, चकतीचा सिरॅमिक उन्हात आणि थंडीत बदलतो. ३५२५ मध्ये आतलं दोलन दुप्पट चालतं. तिथं पिन ५ ला ०.१ मायक्रोफॅरड आणि पिन ६ ला सुमारे १४३ किलोओहम दिले की १०० हर्ट्‌झ मिळतात आणि प्रत्येक आउटपुटवर ५०. फ्रिक्वेन्सी थोडी वर गेली तर ट्रान्सफॉर्मरचं बिघडत नाही. खाली, ४५ किंवा ४० वर आली की कोअर भरतो आणि मॉसफेट तापतो.

३५२५ ची पिन १० अधांतरी ठेवू नका. बंद करण्याचं सर्किट नसेल तर तिला सरळ निगेटिव्हला जोडा, नाहीतर जवळच्या तारांचा गोंगाट पकडून आयसी मध्येच थांबते आणि मध्येच सुरू होते. पिन ८ ला १० मायक्रोफॅरड लावले की आउटपुट सुमारे सेकंदभरात हळूहळू चढतं. सुरुवातीच्या धक्क्यात जाणारे मॉसफेट त्यामुळं वाचतात.

बॅटरी जोडताच उडाला

गेटचे आकडे बरोबर असूनही बॅटरी लावताक्षणी उडत असेल तर तीन जागा.

पहिली म्हणजे गेट लोंबकळणं. जाड वायर थेट सेंटर टॅपला आणि स्विच फक्त आयसीच्या सप्लायवर, अशी जोडणी असते, आणि ती बरोबरच आहे. पण स्विच बंद असताना गेटला धरून ठेवणारं काही नसेल तर हवेतल्या चार्जनंसुद्धा मॉसफेट अर्धवट उघडतो. प्रत्येक मॉसफेटच्या गेट आणि सोर्समध्ये (निगेटिव्हला जोडलेला पाय), अगदी पायांजवळ, १० किलोओहम लावा. त्याच्याच शेजारी १५ व्होल्टचा झेनर (त्यावरचे व्होल्ट कापणारा डायोड). या मॉसफेटच्या गेटची सहनशक्ती २० व्होल्ट आहे, त्यापुढं आतला थर फुटतो.

दुसरी जागा हीटसिंक. मॉसफेटचा धातूचा पाठीमागचा भाग म्हणजे ड्रेन. दोन्ही बाजूंचे मॉसफेट एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय बसवले तर दोन ड्रेन एकत्र होतात आणि आख्खी प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) शॉर्ट. अभ्रक असूनही स्क्रूतून शॉर्ट होतं, कारण स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश घालायचं राहतं. बसवून झाल्यावर मीटरनं बघा: एका बाजूच्या ड्रेनपासून दुसऱ्या बाजूच्या ड्रेनपर्यंत, ट्रान्सफॉर्मर सोडवलेला असताना, कंटिन्युइटी दिसता कामा नये. सोपा उपाय म्हणजे दोन वेगळे हीटसिंक, एकमेकांना आणि पत्र्याच्या डब्याला न टेकणारे.

तिसरी जागा उलटी बॅटरी. मॉसफेटमध्ये सोर्सकडून ड्रेनकडं एक डायोड जन्मतःच असतो. बॅटरी उलटी लागली की दोन्ही बाजूंचे डायोड गुंडाळीतून सरळ शॉर्ट करतात. टोकांना वेगळ्या मापाचे लग लावा, म्हणजे अंधारातही चुकणार नाही.

रिकामा चालतो, पण गुरगुरतो आणि तापतो

लोड नसताना ट्रान्सफॉर्मर मोठ्यानं गुरगुरतो, बॅटरीतून २ अँपिअरहून जास्त खेचतो, आणि एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते. हे चित्र दिसलं की गुंडाळीकडं वळा. २०० वॅटच्या चांगल्या ट्रान्सफॉर्मरला रिकामं चालताना साधारण १ अँपिअर पुरतो.

बाजारात तयार मिळणारा १२-०-१२ (मधल्या टॅपपासून दोन्हीकडं १२ व्होल्ट) ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला की इन्व्हर्टर होतो, हे खरं. पण तो साइन वेव्हसाठी गुंडाळलेला असतो. तेवढ्याच व्होल्टची चौकोनी वेव्ह कोअरमध्ये ११ टक्के जास्त चुंबकत्व भरते. त्यात चार्जरवर असलेली पूर्ण चार्ज बॅटरी १३.८ व्होल्टपर्यंत देते. दोन्ही मिळून ठरलेल्यापेक्षा सुमारे २८ टक्के जास्त. स्वस्त ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढी फट ठेवलेलीच नसते. कोअर भरला की प्रत्येक अर्ध्या आवर्तनाच्या शेवटी करंट एकदम उसळतो आणि नेमक्या त्याच क्षणी मॉसफेटला बंद व्हायचं असतं.

मग लोक उपाय म्हणून ९-०-९ लावतात, कारण १२-०-१२ लोडवर १९० व्होल्टच देतो. ४०४७ च्या पूर्ण चौकोनी वेव्हवर ९-०-९ लावणं म्हणजे कोअर सरळ भरणं. तिथं चुंबकत्व जवळजवळ दीडपट होतं. ९-०-९ बरोबर आहे, पण फक्त ३५२५ सारख्या आयसीबरोबर, जिथं दोन भागांच्या मध्ये थोडा वेळ दोन्ही बाजू बंद ठेवता येतात. हिशेब असा: १२ व्होल्टवर ९-०-९ चं शिखर ३०६ व्होल्ट. २३० व्होल्ट आरएमएस (बल्ब तापवण्याच्या हिशेबानं खरे) हवे असतील तर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात ५६ टक्केच वेळ चालू ठेवायचं. मग कोअरला साइन वेव्हपेक्षाही कमी ताण पडतो.

इथं मीटर फसवतो, आणि या फसवणुकीनं अनेक बोर्ड जळतात. साधा मल्टीमीटर सरासरी मोजून १.११ नं गुणतो, जे फक्त साइन वेव्हला खरं आहे. वरच्या बरोबर लावलेल्या इन्व्हर्टरवर तो १९२ व्होल्ट दाखवेल, खरे २३० असताना. माणूस ‘कमी आहे’ म्हणून प्रीसेट फिरवतो, वेळ वाढतो, आणि मीटरवर २३० दिसेपर्यंत बल्बला प्रत्यक्षात २५० च्या वर जात असतात. उलट पूर्ण चौकोनी वेव्हला तोच मीटर ११ टक्के जास्त सांगतो, खरे २३० असले तर २५५. ट्रू आरएमएस मीटर नसेल तर ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब मेन लाईनवर आणि इन्व्हर्टरवर आळीपाळीनं लावून उजेड ताडून बघा. डोळा इथं स्वस्त मीटरपेक्षा खरा निघतो.

गुंडाळून घ्यायचा असेल तर बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला आणि तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंगवाले मिळतात. त्यांना तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर आकडे लिहून द्या. बोलणं मराठीत होवो की कन्नडमध्ये, आकडा चुकत नाही. ३५२५ बरोबर चालणाऱ्या, ९-०-९ च्या धर्तीच्या २०० वॅटसाठी:

कोअरच्या मधल्या पायाचं क्षेत्रफळ १६ चौ. सेंमी (४ सेंमी जीभ, ४ सेंमी थर). व्होल्टला अडीच फेरे. बॅटरीच्या बाजूला (९.२ व्होल्ट धरून) २३ अधिक २३ फेरे, १५ गेजच्या दोन तारा एकत्र. २३० च्या बाजूला ५७५ फेरे, २३ गेजची तार. पत्रे एकाआड एक उलटसुलट, मध्ये कागद नाही.

चिठ्ठीत आणखी एक ओळ हवीच: बॅटरीच्या बाजूचे दोन्ही भाग हातात बरोबर धरून, शेजारी शेजारी गुंडाळायचे. आधी एक भाग संपवून त्यावर दुसरा गुंडाळला तर वरच्या भागाची तार लांब होते, दोन बाजूंचा रोध वेगळा येतो आणि एका भागाचं चुंबकत्व दुसऱ्याला नीट पोचत नाही. पुढं जे टोकदार व्होल्ट मॉसफेटला मारतात त्यांचं मूळ इथं आहे. पहिल्या भागाचा शेवट दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला जोडला की तो सेंटर टॅप. शेवटाला शेवट जोडला तर मधला टॅप दिसतो खरा, पण गुंडाळ्या एकमेकांविरुद्ध लढतात आणि पहिल्याच क्षणी दोन्ही बाजू जातात. ओळखायचं असं: २३० च्या बाजूला मेन लाईन १०० वॅटच्या बल्बमधून द्या आणि दोन बाहेरच्या टोकांमध्ये एसी मोजा. एका भागावर जेवढे येतात त्याच्या दुप्पट आले तर बरोबर. शून्य आले तर एक भाग उलटा.

पंखा लावताच उडाला

बल्ब आणि मोबाईल चार्जर चालतात, पण पंखा किंवा मिक्सर लावला की फट्‌. आधी वायर बघा. ३०० वॅटसाठी बॅटरीतून ३० अँपिअर येतात आणि मोटर उचलताना क्षणभर शंभरापर्यंत जातात. घराच्या वायरिंगची दीड चौ. मिमी तार जाऊन-येऊन दोन मीटर वापरली असेल तर तिच्यात १०० अँपिअरला २.४ व्होल्ट मरतात. दहा चौ. मिमीची वापरली तर ०.४ व्होल्टसुद्धा नाही. पावसाळ्यात बॅटरीच्या टोकावर जी पांढरी-हिरवी बुरशी येते, तीही तितकंच खाते. लोड चालू असताना मीटर मिलीव्होल्टवर ठेवून एक पिन शिशाच्या टोकावर आणि दुसरी त्यावर घट्ट केलेल्या लगवर लावा. ५० मिलीव्होल्टहून जास्त दिसले तर लग काढून पॉलिश पेपरनं घासा आणि जोडल्यावर वरून व्हॅसलीन लावा.

व्होल्ट खाली आले तर मॉसफेट का मरतो? कारण आयसीचा सप्लाय त्याच बॅटरीचा. बॅटरी ८ वर आली की गेटला ७ व्होल्ट मिळतात, मॉसफेट पूर्ण उघडत नाही, आणि १०० अँपिअर वाहत असताना अर्धवट उघडा मॉसफेट म्हणजे हीटर. काहीजण आयसीला ‘स्थिर’ सप्लाय मिळावा म्हणून ७८१२ लावतात. त्याला स्वतःला चालायला २ व्होल्ट जास्त लागतात, म्हणजे बॅटरी १२.५ असतानाच तो साडेदहा देतो. तो काढा. त्याऐवजी बॅटरीकडून एक १एन४००७ डायोड, मग १० ओहम, मग १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. क्षणभर व्होल्ट पडले तरी डायोडमुळं आयसीचा साठा उलटा वाहून जात नाही. साडेदहा व्होल्टवर आपोआप बंद होण्याची सोय ठेवा, बॅटरीसाठीही आणि मॉसफेटसाठीही.

दुसरं कारण टोकदार व्होल्टचं. सेंटर टॅपच्या जोडणीत बंद असलेल्या मॉसफेटवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्ट येतात. १४ ची बॅटरी असेल तर २८, आणि त्यावर गुंडाळीच्या गळतीचं टोक. आयआरएफझेड ४४ एन आणि आयआरएफ ३२०५ दोन्हींची मर्यादा ५५. ऑसिलोस्कोप नसताना ते टोक मोजायची युक्ती: यूएफ ४००७ डायोडचं ॲनोड ड्रेनला, कॅथोडला ०.१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक सोर्सला. कपॅसिटरवर डीसी मोजा. २५ ते ३० आलं तर गुंडाळी चांगली. ४५ च्या वर गेलं तर मॉसफेट आज ना उद्या जाणार. प्रत्येक बाजूला ड्रेन आणि सोर्समध्ये १.५केई३६ए हा टीव्हीएस डायोड लावा. तो ३१ व्होल्टपर्यंत गप्प राहतो आणि ५० च्या आत टोक कापतो. सेंटर टॅप बोर्डावर जिथं येतो तिथंच, चार बोटांच्या आत, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर लावा, म्हणजे लांब बॅटरी वायरीचा धक्का तिथं जिरतो.

याच हिशेबानं बघा की ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या ओळीत जोडून २४ व्होल्ट करणाऱ्यांचं काय होतं. १४ च्या दोन म्हणजे २८, त्याच्या दुप्पट ५६ व्होल्ट, टोक धरायच्या आधीच मर्यादा ओलांडली. तिथं ५५ व्होल्टचे मॉसफेट कितीही लावा, जाणारच. १०० व्होल्टचे लागतात: लहान कामाला आयआरएफ ५४० एन, मोठ्याला आयआरएफबी ४११०. टीव्हीएस डायोडही मग तेवढ्या वरचा हवा.

तिसरं, जरा नाजूक कारण: ४०४७ चं आउटपुट मोजकेच मिलीअँपिअर देतं. एक मॉसफेट ते कसंबसं ओढतं. चार मॉसफेट समांतर लावले की गेट भरायला आणि रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि ४०४७ च्या दोन आउटपुटमध्ये मोकळी फट नसते. एक बाजू अजून बंद होते आहे तोवर दुसरी चालू. त्या काही मायक्रोसेकंदांत प्रायमरी शॉर्ट. मध्ये बीडी १३९ आणि बीडी १४० ट्रान्झिस्टरांची जोडी टाका, किंवा सरळ ३५२५ कडं जा. तिथं पिन ५ आणि ७ मध्ये १०० ओहम घातले की, ०.१ मायक्रोफॅरडबरोबर, ३० मायक्रोसेकंदांची फट मिळते. आणि प्रत्येक गेटला स्वतःचा वेगळा १० ते २२ ओहम. चार गेटांना मिळून एक लावला तर मॉसफेट आपापसात थरथरतात.

अर्ध्या तासानं उडाला

ही उष्णता आहे. आयआरएफझेड ४४ एन चा चालू रोध थंड असताना १७.५ मिलीओहम, तापल्यावर ३० च्या घरात. ३० अँपिअर एकाच मॉसफेटमधून, निम्मा वेळ, म्हणजे १३-१४ वॅट. दोन समांतर केले की प्रत्येकावर साडेतीनच वॅट येतात, कारण उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. हीटसिंक मोठा करण्यापेक्षा मॉसफेट वाढवणं स्वस्त पडतं. आयसीच्या सप्लायमध्ये ७० अंशांचा थर्मल स्विच हीटसिंकला चिकटवून घाला.

पण आधी मॉसफेट खरा आहे का ते बघा. नाव घासून नवं छापलेले लहान मॉसफेट बाजारात येतात. ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा १२ व्होल्ट ६० वॅटचा बल्ब घ्या. बॅटरी पॉझिटिव्ह, बल्ब, ड्रेन; सोर्स निगेटिव्हला; गेट १ किलोओहममधून पॉझिटिव्हला. बल्ब लख्ख पेटतो, ५ अँपिअर वाहतात. आता मीटरच्या पिना थेट ड्रेन आणि सोर्सच्या पायांवर टेकवा, वायरीवर नको. आयआरएफझेड ४४ एन वर ९० मिलीव्होल्टच्या आत, आयआरएफ ३२०५ वर ४० च्या आत यायला हवेत. १५०, २०० दिसले तर तो मॉसफेट दुकानात परत द्या. एका जोडीचे सगळे मॉसफेट एकाच वेळी, एकाच पट्टीतले घ्या.

परत जोडताना

तोच हेडलाईटचा बल्ब आता सेंटर टॅपच्या पॉझिटिव्ह वायरीत ओळीत घाला. आयसीचा सप्लाय मात्र बल्बच्या आधी, थेट बॅटरीवरून. आधी दोन्ही बाजूंना एकेकच मॉसफेट. चालू केलं की बल्ब एकदा चमकून विझला किंवा जेमतेम लाल राहिला तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, पण ५ अँपिअरच्या वर जात नसल्यानं मॉसफेट जिवंत राहतो आणि शोधायला वेळ मिळतो. नंतर बल्ब काढा, बाकीचे मॉसफेट लावा, ४० वॅटचा बल्ब दहा मिनिटं, १०० वॅट दहा मिनिटं, मग पंखा. दरवेळी बंद करून दोन्ही हीटसिंकना हात लावा. दोन्ही सारखे कोमट हवेत. एक गार आणि एक गरम असेल तर गेटच्या तपासणीकडं परत जा, पुढं जाऊ नका.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवा. आत नुसता कपॅसिटर असलेले स्वस्त एलईडी बल्ब चौकोनी वेव्हवर लावू नका. दर वळणाला ते करंटचा झटका ओढतात आणि स्वतःही जातात. फ्रीज आणि पाण्याची मोटर हे या इन्व्हर्टरचं काम नव्हे.

लाईट आली की उडाला

इथं मॉसफेटपेक्षा मोठी गोष्ट अडकलेली आहे. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घेऊन इन्व्हर्टरचं आउटपुट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसणं आणि मेन स्विच बंद ठेवायचं लक्षात ठेवणं, ही पद्धत गावोगाव दिसते. मेन स्विच एकदा विसरला की लाईट परत येताच दोन वेगवेगळे एसी एकमेकांवर आदळतात आणि मॉसफेटच्या चिंधड्या उडतात. आणि लाईट यायच्या आधी, पावसात तार तुटलेली असताना, तुमचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरीतून उलटे खांबावर जातात. ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोचले तर तो त्यांचे ११ हजार करायला बघतो. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) लाईनमन त्याच वेळी लाईन बंद आहे असं समजून तारेला हात घालत असतो.

त्याऐवजी दोन पोलचा चेंजओव्हर स्विच बसवा, ज्याला मधली बंद स्थिती असते. वरच्या टोकांना मेन लाईनचे फेज आणि न्यूट्रल, खालच्या टोकांना इन्व्हर्टरची दोन्ही टोकं, मधून घराचं सर्किट. न्यूट्रल वेगळा तोडला गेलाच पाहिजे, फक्त फेज बदलणारा एक पोलचा स्विच चालत नाही. फेज तुटला तरी सामाईक न्यूट्रलवरून इन्व्हर्टर लाईनला जोडलेलाच राहतो. इन्व्हर्टरवर फक्त दोन दिवे, एक पंखा आणि चार्जरचा पॉइंट एवढंच वेगळं सर्किट काढा, आणि त्याचा न्यूट्रल घराच्या बाकी न्यूट्रलमध्ये कुठल्याही जोडडब्यात मिसळलेला नाही हे चेंजओव्हर मधल्या स्थितीत ठेवून, मेन बंद करून, कंटिन्युइटीवर तपासा.